एका बोटाने

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
लौकिक मला मोबाईल दाखवतो.
तडा गेलेल्या काचेखाली
पांढऱ्या केसांचा एक पोरगा उभा आहे.
आपल्या जगात तो ट्रकखाली मेला म्हणे,
आणि दुसऱ्या जगात उठला तो थेट सगळ्यांच्या वर.
ना तप, ना वर,
ना कुणा गुरूच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं.
समोर राक्षसांचा राजा, डोंगराएवढा, सहा शिंगांचा.
पोरगा जांभई देतो.
एक बोट उचलतो.
संपलं.

"मामा, तेका कोणच मारूक शकणा नाय,"
लौकिक म्हणतो, जणू ते बोट त्याचंच.

मी आपला त्या राजाकडे बघत राहतो.
एवढी सहा शिंगं कुणीतरी बसून रंगवली असतील,
आणि पडताना त्याला धड ओरडूही दिलं नाही.

बावीस वर्षं मी दशावतारात राक्षस करतो.
दिवसा बर्फ फोडतो, रात्री मरतो.
जत्रांच्या दिवसांत एकदा
आठवड्यात सात वेळा मेलोय,
त्यातला एक मृत्यू तापात, एकशे दोन.
लिहिलेलं काही नसतं आमच्याकडे.
एक बाकडं, एक पेटी, मृदंग, झांज
आणि डोळ्यांनी केलेली खूण:
थांब, इतक्यात मारू नको.
सावळाराम विष्णू करतो. मला विचारूनच मारतो.
आधी त्याची तलवार पडते. मुद्दाम पडते,
आम्हा दोघांना ठाऊक, पेटीवाल्यालाही,
पण पुढे बसलेल्या बायांच्या मुठीत
शेंगदाणे तसेच राहतात.
तेवढ्यापुरता मी खरंच जिंकू शकतो.
आमचं मानधन त्या तेवढ्याचं.

मोचेमाडला एका वर्षी नवा मुलगा आला, देखणा,
जिममध्ये जाणारा. त्याने तलवार टाकलीच नाही.
दोन मिनिटांत मला आडवा केला
आणि हात वर करून उभा राहिला.
टाळ्या पडल्या चार.
मग लोक उठले, चहाकडे गेले.
मी मातीत पसरलेला, गदा पोटाखाली,
जनरेटर घरघरतोय,
एक कुत्रा आला, माझा काळा गाल हुंगला
आणि तोही गेला.
तो मुलगा अजून उभाच होता,
हात वर, कुणासाठी कोण जाणे.

हे सगळं मी लौकिकला सांगायला घेतलं.
म्हटलं, झिला, तुझ्या ह्या पोराला
एकदा तरी दम लागू दे,
एकदा तरी नेम चुकू दे, घसा सुकू दे,
नाहीतर तो राक्षस मरतो कशाला,
आणि हा जगतो तरी कशाला.

त्याने मोबाईल बंद केला.
समोर ओट्यावर त्याचा बाबा, पांडुरंग खवणेकर,
जाळ्याचा दोरा ओवत बसला होता.
गेल्या आश्विनात विंचने त्याची तीन बोटं नेली.
आता अंगठा आणि उरलेलं एक बोट,
गाठ सुटते, तो परत घालतो,
सुटते, परत.
कुणाकडे बघत नाही.

"तेका लागणाच नाय, मामा,"
लौकिक म्हणाला. हळू. मोबाईलकडे बघून.

मी बर्फाच्या लादीवर हात ठेवला.
बोलायचं होतं ते बधिर होईपर्यंत तसाच ठेवला.
मग म्हटलं, लाव परत,
ती शिंगं नीट बघू दे.

आम्ही तीनदा बघितलं.
तिसऱ्यांदा मला दिसलं,
बोट उचलण्याआधी तो पोरगा
क्षणभर दुसरीकडे बघतो,
खिडकीबाहेर काहीतरी आहे तिथे.
काय ते दाखवत नाहीत.

रात्री आरवलीला नाटक होतं.
टेम्पोत लौकिक माझ्या ट्रंकेवर बसला,
पुढच्या सीटवर त्याचा बाबा,
हात खिशात.
रेडीची बत्ती लांबून एकदा आली, गेली.

"मामा,
आज मरूक किती वेळ लावतलंस?"

बघूया, म्हटलं.
सावळारामाच्या हातून तलवार
कधी पडते त्यावर.