सातवा रकाना

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
मारियुन यंत्रं मोजत फिरते.
यादीत दोनशे बारा.
जाळ्यात मात्र बोलतात दोनशे तेरा.

हे एक जास्तीचं कुणाचं?

तीन दिवस ती वायरीचा माग काढत जाते,
आणि बर्फघरामागे, रबरी बुटांच्या कपाटात
सापडतं ते. पिवळं पडलेलं,
पंख्यात माशांचे खवले,
अकरा वर्षं डोळ्याला डोळा नाही.
बर्फघराची थंडी हेच सांभाळतं,
म्हणजे सगळी मासळी,
म्हणजे निम्म्या गावाचा पगार.
पासवर्ड चिठ्ठीवर. अक्षर हानुसचं.

हानुस गेला फेब्रुवारीत.
खांदा द्यायला तीही होती. वाऱ्यात
टोपी उडाली कुणाचीतरी, सगळे हसले होते.

ती स्टिकर चिकटवते: २१३.
धोका: अतितीव्र. बदली: ताबडतोब.
सातवा रकाना, मालक.
इथे बोट थबकतं.
रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही,
आणि मेलेल्याचं नाव तो घेत नाही.

शेवटी स्वतःचं नाव टाकते.
कपाट लावून घेते. चार पावलं जाते,
परत येऊन दाराला कान लावते,
पंखा चालू आहे ना.