डाव्या पायाचं काम

एकोणतीस वर्षं
आर्वी डेपोच्या लाल गाडीत
माझ्या डाव्या पायानं एकच काम केलं.
चढ आला, दाब. गतिरोधक आला, दाब.
कुणाची शेळी आडवी आली तरी दाब.
रिटायर झालो तेव्हा
छातीवर विनाअपघात बिल्ला
आणि गुडघ्याची वाटी झिजलेली.

आता चांडकांच्या जिनिंगवर गाडी सांभाळतो.
पिवळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेलं;
बसायचं म्हणजे विहिरीत उतरणं.
शेठनं पोरीला घेऊन दिली. पोरगी, गुंजन, पुण्यात.
गावच्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासलं,
तेव्हापासून आवारातच फिरते.
हंगाम सरलेला,
सरकीचे ढीग उचलून नेलेले,
तारेवर अडकलेले कापसाचे पुंजके
आणि वैशाखात तापलेला काँक्रीटचा ओटा, दोन एकर.

आटोमॅटिक. क्लच नाही.
हे डाव्या पायाला कोणी सांगितलंच नव्हतं.
गाडी जरा पळाली, तो सवयीनं उठला
आणि क्लच समजून ब्रेकवर पडला.
माझं कपाळ काचेजवळ, गुंजनचा चष्मा डॅशबोर्डवर.
"काका, हा पाय बांधून ठेवा."
मी तो सीटखाली दुमडला.
पंगतीत वाढायला न बोलावलेल्या भावकीसारखा
बसून राहिला बिचारा.

आज ती म्हणाली, आज त्यालाच बोलवायचं.
गाडी जागेवर, मागची चाकं तेवढी फिरवायची.
म्हटलं, "कायले?
चिखलात फसल्यावर फिरतेच ना चाक.
काळ्या जमिनीत तं न फिरवता फिरते.
अख्खी जिंदगी मी, ते फिरू नाही म्हणून..."
ती हसली. "म्हणूनच."

एक बटन. पाच मोजेपर्यंत दाबून धरायचं,
मग काट्यांमध्ये दिवा लागतो:
इवलीशी गाडी, मागे सापासारख्या दोन रेघा.
नाहीतर गाडी फार शहाणी,
चाक घसरू लागलं की आपणच दम कमी करते.
शहाणपण सोडायला लावायचं तिला, पहिले.

"आता डावा ब्रेकवर, घट्ट.
उजवा रेसवर, हळूहळू."
शंकरपटात जोडी सुटण्याआधी
दोघंतिघं शिंगांना लोंबकळलेले असतात,
बैल फुरफुरतात,
तसं मागचं धूड खाली बसलं, बोनेट थरथरलं.
डाव्या गुडघ्यात जुनी कळ.
"सोडा थोडा. पूर्ण नाही. केसभर."

केसभर!
हे मात्र त्याला येत होतं.
सत्याग्रही घाटात साठ माणसं घेऊन थांबलेली गाडी
मागे न सरकवता उचलायची, ती केसभरच.

चाक सुटलं. गाडी नाही सुटली.
आधी चिरका आवाज, मग धूर,
रुईसारखा पांढरा, आरशात मावेना.
आणि वास असा
की डेपोतले मेलेले फोरमनही उठून बसले असते.
रिमोल्ड टायर तिसऱ्यांदा चढवणारे आम्ही,
डिझेल थेंबभर जास्त लागलं तर नोटीस खाणारे,
आणि मी इथं सत्तर हजारांचं रबर
दिवसाढवळ्या जाळत होतो.
तोंडून शिवी निघाली. आनंदाची होती.

वॉचमन गुणवंता बादली घेऊन धावत आला,
आग कुठे आहे ते विचारत
धुरात उभा राहिला.

ओट्यावर दोन काळ्या रेघा पडल्या,
दिव्यातल्या चित्रासारख्या, जरा वाकड्या.
दसऱ्यानंतर त्यांच्यावर कापसाच्या गाड्या लागतील,
कोणीतरी म्हणेल, काय ब्रेक मारला असन बाप्पा!
थांबतानाच पडल्या असं वाटेल सगळ्यांना.

घरी पंचफुलानं सदरा हुंगला.
"काय जयलं जी?"
"टायर."
"पंचर?"
"नाई. मुद्दाम."
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे,
आणि तेल गरम करायला ठेवलं.