प्रयोग क्रमांक चार

निकुंभ मॅडम यायच्या अर्धा तास आधी
मी कांदे चिरून ठेवतो.
आतल्या पाकळीला नखाने खाच द्यायची,
वर ओढायचं,
सुटतो पापुद्रा,
भाजल्या जागी नवी कातडी येते तसा.
काचपट्टीवर पाण्याचा थेंब, मग आयोडीन,
मग आच्छादक काच, तिरकी, हळू,
नाहीतर बुडबुडे येतात
आणि पोरं बुडबुड्यालाच पेशी समजून
वहीत गोल गोल काढतात.

बावीस वर्षं मी डोळा लावतोय
तो भिंग नीट बसलंय का एवढंच बघायला.
दिसतं ते असं:
विटांसारख्या लांबट खोल्या, एकीला एक लागून,
प्रत्येकीत कडेला ढकललेला
एक पिवळट ठिपका. केंद्रक.
मधली सगळी जागा रिक्तिकेने अडवलेली,
नुसतं पाणी भरून.
त्या पाण्याच्या जोरावरच म्हणे भिंत ताठ राहते.

मॅडम सांगतात, मूळ मसुदा केंद्रकातच राहतो,
बाहेर जाते ती नक्कल,
रायबोझोम ती वाचून प्रथिनं जुळवतात.
मागच्या बाकावरची तहसीन म्हणाली,
म्हणजे प्रेससारखं.
तिचे आजोबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते.
साचा कधी फाटकाबाहेर गेला नाही,
आणि सुटताना रोज झडती,
डबासुद्धा उघडून.
वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या.
त्यांनी फळ्यावर केंद्रक काढलं
आणि त्याच्या पटलाला फाटकं काढली, पुष्कळ.

एका पोराने आकृतीत हरितलवकं भरली होती,
पुस्तकात होती म्हणून.
मॅडमनी खोडली.
मातीत बसून फुगलेल्याला हिरवं कुठून येणार?
मला उगाच वाईट वाटलं,
कांद्याचं की पोराचं, सांगता येत नाही.

तंतुकणिका आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत.
त्या नुसत्या ऐकायच्या.
तिथे साखर जळते, धूर न होता.
अंगातली ऊब तिथली.
आणि तास संपता संपता, डस्टर झटकत,
मॅडम म्हणाल्या, या फक्त आईकडून येतात.
बापाच्या आत शिरल्या तरी टिकत नाहीत.

मी बेसिनपाशी काचपट्ट्या धूत होतो.
नळ तसाच चालू राहिला.

माझी आई, ठकूबाई,
लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडायची.
गोलटी वेगळी, जोडकांदा वेगळा, कोंब आलेला बाजूला.
हाताचा वास असा
की शेवटची आंघोळ घालतानाही आला.
मी एकुलता मुलगा, वंशाचा दिवा,
उधारीवर पेढे वाटलेले.
पाठची चंद्रभागा ओझरला दिली.
परक्याचं धन.
सातबाऱ्यावरचा हक्क सोडला
तेव्हा तिने सही केली, आणि चहा मीच पाजला.

आता हिशेब असा लागतो:
माझ्या पोराच्या अंगात त्याच्या आजीचा विस्तव,
म्हणजे बायकोच्या आईचा.
आईचा माझ्यापर्यंत आला
आणि इथे, जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर,
धापा टाकत थांबला.
पुढे गेला तो चंद्रभागेतून,
तिच्या लेकीतून,
आणि त्या लेकीला झालेल्या मुलीतून,
जिच्या बारशाला आम्ही गेलो नव्हतो.

रविवारी ओझरची बस धरली.
पोर झोपलेली. तळव्याला बोट लावलं.
चंद्रभागा म्हणाली, ताप नाही रे दादा,
अशीच गरम असते ती.
मी बोट काढलं नाही.

सोमवारी प्रयोग क्रमांक पाच:
गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी.
नमुना द्यायला कुणी पुढे येईना.
मी दातकोरणं उचललं.