आसूढाळ

बुधवारचा बाजार. बैल रस्त्यालगत,
बकऱ्या नाल्यात,
घोडे पार टोकाला, चिंचेखाली.
तिथं गिऱ्हाईक चार अन् पाहणारे चाळीस.

बाबा दलाल. मी अकरा वर्षांची, मोरकी धरायला.
त्यांनी शिकवलेलं अजून तोंडपाठ आहे:
कानांची टोकं वर टेकली की काठेवाडी,
मारवाड्याची टेकता टेकता राहतात;
नुकऱ्याचं नाक गुलाबी, आपल्या उन्हात सोलून निघते;
भीमथडी बुटका, पण डोंगराला विचारून चढत नाही.
बाकी सगळे आपल्याकडचे तट्टू.
त्याईची जात नाई इचारू, वझं इचारावं.

काही घोडे चालण्यासाठी नसतातच,
उभे राहण्यासाठी असतात.
मोरकी जरा उचलली की मान कमानीसारखी येते,
पुढचे पाय जुळवून, मागचे थोडे ताणून,
माशी बसली तर कातडं तेवढं थरथरवायचं.
पुढं मीही चार वेळा अशी उभी राहिले,
पोह्यांची बशी घेऊन.
चौथ्यांदा जमलं.

त्या बुधवारी उकंडा भगतची कुमैत घोडी होती.
चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा,
गळ्यावर देवमणसुद्धा.
पण डाव्या डोळ्याखाली भोवरा,
आसू जिथून ओघळतो, नेमका तिथं.
अशी घोडी ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडारड,
म्हणतात.
उकंडाच्या घरी कोणी रडलं नव्हतं,
फक्त दोन वर्षं तिला कोणी घेतलं नव्हतं.

आदल्या रात्री आईनं मोरकीच्या गालपट्टीला
लाल लोकरीचा गोंडा शिवला,
माझ्या उसवलेल्या स्वेटरचा. बरोबर भोवऱ्यावर येईल असा.
बाबा म्हणाले, "कोनी इचारलं तं खरं सांगू.
इचारल्याबिगर कायले सांगा?"

दिग्रसहून मुनीर बँडवाले आले.
दात पाहिले, खुरावर टिचकी मारली,
नळीवरून हात फिरवला,
मग बाबांचा हात रुमालाखाली घेतला.
रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला.
मी रुमालाकडे पाहत होते, घोडी माझ्याकडे.
आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं
मुनीरभाईंनी गोंडा उचलला.

चाळीसही जण गप्प.

"आसूढाळ हाय."
"हाय," बाबा म्हणाले.
"बरं झालं. आपली घोडी लग्नातच जाते.
नवरीकडं रडनं तं होतेच, बाप्पा.
इच्या नावावर टाकून देऊ."
लोक हसले. तेही हसले,
आणि हसता हसता रुमालाखाली दोन बोटं मिटली.
दोन हजार गेले,
ते मला बाबांच्या जबड्यावरून कळलं.

जनावर विकते, मोरकी विकत नाहीत.
बाबांनी गाठ सोडली.
नवा दोर पडेपर्यंत घोडी तशीच उभी होती,
उघड्या तोंडानं, भर दुपारी,
भोवरा गव्हाच्या दाण्याएवढा.
एवढाच?

मोरकी माझ्या हातात, अजून गरम.
घरी आल्या आल्या आईनं गोंडा सोडवला,
स्वेटरची एक बाही अजून व्हायची होती.
लोकरीत तिचे आखूड तांबडे केस अडकलेले,
आईला दिवा लावून निवडत बसायला वेळ नव्हता.
तो हिवाळाभर
उजव्या मनगटाला टोचत राहिलं.