ठराव क्रमांक एकेचाळीस

देगलूर नगरपालिकेच्या एका प्रोसिडिंग बुकात
काही पानं तिरकी आहेत.
अक्षर माझंच.
डिसेंबर एकाहत्तर. ब्लॅकआउट.
कंदिलाला काळा कागद गुंडाळून टेबलाखाली ठेवलेला,
मी अंदाजानं लिहीत गेलो,
ओळीवर ओळ चढली.

आमच्यावर बॉम्ब टाकून कुणाला काय मिळणार होतं?
लेंडीचं पात्र, एक जिनिंग, दोन सोसायट्या.
तरी अप्पांनी स्वतः हिंडून
गावाच्या खिडक्यांना घोंगड्या लावायला लावल्या.

सतरा सदस्य. मन्मथअप्पा कोऱ्यांचे आठ.
समोर नऊ, पण नऊंची तोंडं नऊ दिशांना,
म्हणून अप्पा खुर्चीत.
रोज सकाळी ते माणसं मोजत.
कोणाची सून बाळंत, कोणाचा बैल लंगडतो,
मोंढ्यात कोण कोणाला काय बोललं,
सगळं पाठ.

चाँदपाशा तांबोळी, सायकल चिन्हावर आलेले, एकटे,
खिडकीजवळ बसत.
अप्पा उठून त्यांच्यापाशी जात :
"पाशाभाई, रॉकेलचं कसं करावं?"
पाशाभाई पान लावत. सुपारी कातरत.
लढाईच्या दिवसांत अख्खी सभा
एका अडकित्त्यासाठी थांबलेली.
मग म्हणत, "पहिले बाळंतिणीच्या घरी."
तसं मी लिहिलं. तसंच वाटलं गेलं.

दहा महिने चाललं.
पडलो ते लढाईवर नाही, घरपट्टीवर नाही,
टांगा स्टँड चावडीपुढून हलवायचा की नाही, यावर.
बाजूने आठ, विरुद्ध नऊ.
पाशाभाईंचे तीन मेहुणे टांगेवाले.
त्यांचा वर गेलेला हात
अंधारात मला दिसला नाही, अप्पांना दिसला.
"गुंडावार, नामंजूर लिहा.
अक्षर जरा नीट काढा."

उन्हाळ्यात फेरनिवडणूक.
लढाई जिंकलेली, अप्पांचे तेरा आले.
गुलाल माझ्या दौतीत उडाला.

तिथून पुढची पानं सरळ आहेत.
सर्वानुमते मंजूर.
सर्वानुमते मंजूर.
शाईसुद्धा कमी लागायची.
अप्पा वाईट झाले असं नाही,
मोजायची गरज उरली नव्हती.

पाशाभाई परत आले होते, त्याच सायकलवर.
तिसऱ्या सभेला पाहतात तर
खिडकीजवळच्या खुर्चीवर
शिपायानं पाण्याचा माठ ठेवलेला.
ते थोडा वेळ उभे राहिले,
पेलाभर पाणी प्यायले,
पेला पालथा घातला.

हजेरीत मी लिहिलं :
हजर.