शिक्का

तहसीलीतून कागद आला, तीन प्रतींत भरून द्या:
ग्रामसभेस वाढीव अधिकार द्यावेत काय?
होय. नाही.
अभिप्राय असल्यास, एवढीशी रेघ,
तिच्यावर तेंदूचं पानही आडवं मावलं नसतं.
मुदत आठ दिवस. पोचला सहाव्या दिवशी,
पोस्टमन साळीच्या लग्नाला गेला होता.

शिक्का माझ्याकडं असतो, तांदळाच्या डब्यात.
सभेला नेताना झटकावा लागतो,
तरी कधी रबरात कणी अडकते
आणि 'अध्यक्ष'मधला क्ष फुटतो.

मनिराम होळी म्हणाला, होय लिही, मोठ्यानं लिही.
बांबू आपला, तोडाचा हक्क आपला,
अन् ट्रक नाक्यावर दोन दिवस उभा
एका सहीसाठी, जी जेवाले गेली असते.
धनसायला मास्तरची बदली पाहिजे होती.
कोणी म्हणालं तळं, कोणी म्हणालं निधी.
निधी म्हणताना आवाज जरा खाली आला.

झिंगरू आजा हसला.
नागपूर म्हणते मुंबई देत नाही,
मुंबई म्हणते दिल्ली देत नाही,
रांगेत आपण शेवटचे, असं समजता तुमी.
जरा मांगं वळून पाहा ना बाप्पा.

मागं फुलकुवर नैताम होती, चौकटीला टेकून.

मले इचारा, म्हणाली.
नवऱ्यानं सोडली, माहेरी आली,
तवा याच सभेनं ठराव घेतला,
सोडलेल्या बाईले मोहात वाटा नाही.
साहेबाकडं गेली. साहेब म्हणे,
बाई, हा ग्रामसभेचा अधिकार आहे.

मनिरामनं हातातली काडी मोडली, मग अर्धीही मोडली.
त्या ठरावावर ठसा मी मारला होता.
नीट आठवतं, क्ष फुटला नव्हता.

मग भांडण झालं, दिवेलागणीपर्यंत.
रमशिला म्हणाली, अधिकार पाह्यजेत, सारे पाह्यजेत,
पर तक्रारीले एक दार उघडं ठेवा
अन् ते दार आपल्याच ओळीतल्या घराचं नको.
कोणी म्हणालं, म्हणजे पुन्हा तहसील?
ह्यावर उत्तर निघालं नाही.
नाल्यापलीकडची चार झाडं फुलकुवरला, एवढंच निघालं.
विरोधात तीन हात. एक तिच्या भावाचा.

अर्ज तसाच राहिला.
पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला,
विहित मुदतीत अभिप्राय अप्राप्त,
सबब आपले काही म्हणणे नाही
असे समजण्यात येत आहे.

पहिला कागद जाड आहे, पाठ कोरी.
तिच्यावर पेन्सिलीनं वजनं मांडतो आहे:
फुलकुवर, ओला मोह, सोमवार, अकरा किलो.
मंगळवारी रानडुकरं आली. साडेचार.