चाळीसला एक

तीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचले.
माशेलात कुणाकडे फ्रिज कधी आला,
कुणाचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो,
आकड्यांवरून सांगायचो.
आणि आपल्याच संडासाचं पाणी
भिंतीबाहेर पडल्यावर कुठे वळतं
हे साठाव्या वर्षी
पिकास घेऊन शोधत होतो.

न्हाणीची जाळी उलट बोलायला लागली होती,
एक बादली ओतली की दोन बादल्यांचं उत्तर.
कंत्राटदार आला, मोबाइलमध्ये बघत
अठ्ठावीस हजार म्हणाला, तेही पुढच्या महिन्यात.
शुक्रवारी मेहुणी येणार होती, तिघा पोरांना घेऊन.

म्हणून मंगळवारी, कावळ्यांच्याही आधी,
चेंबरचं झाकण पहारीने उचललं.
वासाबद्दल लिहीत नाही.
पहिली दहा मिनिटं तो असतो,
मग तुम्हीच त्यातले होता.

तांबडी माती वरवर मऊ, हातभर खाली चिरा.
दुपारपर्यंत अकरा फूट चर,
आणि पाठीत एक वेगळा.

पाइप सापडला तो वडिलांच्या वेळचा,
चिनी मातीचा, बरणीसारखा तपकिरी,
सांध्यापाशी तडकलेला.
तडकेतून आत शिरलेली माडाची मुळं,
वेणीच म्हणायची, दोन हात लांब,
ओली, दाट, कुणीतरी रोज तेल लावून घातल्यासारखी.
तरीच हा माड भर मे महिन्यात
शहाळ्यांनी वाकलेला असायचा
आणि आम्ही पाहुण्यांना सांगायचो,
या माडाचं पाणी काय गोड आहे म्हणून.

मिलाग्रिस गडग्यावर हनुवटी टेकून बघत होता.
"तुज्या बापायच्या वेळार
सोयरू येतालो न्हय?"

सोयरू.
मी नाव विसरलो नव्हतो,
मला ते माहीतच नव्हतं.
वडील अंगणातून 'ए' म्हणायचे, तो यायचा.
दोर, डबा, उघडे हात,
तोंडात विडी, ती वासासाठी.
काम झालं की आई
पेरूच्या बेचक्यातला कान तुटलेला कप दाखवायची,
वरून चहा ओतायची.
तोच विसळून तो परत पालथा घालायचा.
पेरू कधीच गेला. कपाचं काय झालं ठाऊक नाही.

चार इंची पाइप, दोन कपलिंग, सोल्युशनचा डबा.
दुकानातला पोरगा म्हणाला,
"उतार चाळीसला एक ठेवा काका.
जास्त दिलात तर पाणी पुढे पळतं,
घाण मागे राहते."
लेव्हलच्या नळीचं एक टोक सुशांतीकडे, एक माझ्याकडे.
वर. अजून. नाही, खाली. थांब.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
इतकं सलग बोलणं आमचं पहिल्यांदाच.

चारला तिने चहा आणला.
हातात दिला नाही.
गडग्यावर ठेवला, हात मागे घेतला
आणि पदराला पुसला.
तिच्या लक्षात आलं नाही.
मी चहा प्यालो, कप विसळला,
आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून
तसाच धरून उभा राहिलो.

संध्याकाळी तिने बादलीत हळद कालवली,
आतून ओरडली, "सोडलं!"
मी चेंबरशी ओणवा, मोजत.
सात, आठ,
नऊवर पिवळं पाणी आलं,
घाई न करता, सगळं बरोबर घेऊन.
मिलाग्रिसने टाळी वाजवली.

माती लोटता लोटता काळोख झाला.
माड तोडायचा का, सुशांतीने विचारलं.
राहू दे म्हटलं.
मग मिलाग्रिसला विचारलं, तो सोयरू राहायचा कुठे?
त्याने हनुवटीनेच दाखवलं,
टाकीपलीकडे, ओहोळाच्या त्या अंगाला.
घर त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

आणि मला तर नाहीच.
त्या वाटेला माझी फेरी कधी गेली नाही.
तिकडे तेव्हा मीटरच नव्हते.